एका टॉवेलातल्या

२ जून
नोकरी लागली! हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. वाफ, साबण आणि बायकांचा गलका. मुकादमीण माझे हात उलटेपालटे करून म्हणाली, भाषणं ठोकणारे हात दिसतायत, पिळायला जमेल ना? सगळ्या खिदळल्या. काम सुटताना सगळ्यांनी एकाच जाड टॉवेलला घाम पुसायचा, नवीन बाईने सर्वांत आधी, ही इथली रीत. स्वतःला 'एका टॉवेलातल्या' म्हणवतात. मला ते फार आवडलं. घरी ताईची लेक, चिमणी, माझ्या गळ्यात हात टाकूनच झोपली.

७ जून
धुलाईवरच्या अक्कांच्या दंडावर गजकर्ण उठलंय. मुकादमिणीने त्यांना स्वतःचा टॉवेल आणायला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चादरींच्या गठ्ठ्यावर चढून मी विचारलं, आज टॉवेल वेगळा, उद्या पाण्याचा पेला वेगळा, परवा माणूसच वेगळं. हे थांबणार कुठे? ज्यांनी ज्यांनी माणसं तोडली, त्यांनी सुरुवात स्वच्छतेच्याच नावाने केली. मग अक्कांनी वापरलेल्या टॉवेलने मी मान, हात खसाखसा पुसले. टाळ्या पडल्या. मुकादमीण एवढंच पुटपुटली, की बुरशीला भाषण कळत नाही. पण टॉवेल तिनेही घेतला.

१३ जून
मानेवर लालसर गोल. कडा उठलेली, आत कातडी स्वच्छ. खाज अशी की जीव नकोसा व्हावा. औषधाच्या दुकानातून आणलेली एकच ट्यूब आम्ही सगळ्या लावतो. खाज पळाली.

१९ जून
परत आलं, आणखी मोठं होऊन. डॉक्टरीणबाईंनी फैलावर घेतलं. त्या मलमाने खाज निजते, बुरशी पसरतच राहते. गोळ्या घ्या, टॉवेल-अंथरूण वेगळं करा. वेगळं! गोळ्या घेते आहे. अंथरूण मात्र — चिमणीला काय सांगू? ताईला कळलं तर ती घराबाहेर काढेल. काढायलाच हवं, खरं तर.

२३ जून
गोल वाढत कोपरापर्यंत आलं आणि तिथे तुटलं. आज इस्त्रीच्या टेबलाशी अक्का मला खेटून उभ्या राहिल्या. माझ्याकडे तुटलेली रेघ त्यांच्या दंडावर पुढे चालू होती. तिथून मुकादमिणीच्या मनगटावर. कुणीच खाजवत नव्हतं. अक्कांना इस्त्रीचा चटका बसला. कळ माझ्या हातात आली, झटकला तोही मीच.

२५ जून
ताईला सगळं सांगितलं. ती रडली, मग चिमणीचे कपडे उकळायला गेली. मी मागच्या खोलीत, आतून कडी लावून. चिमणीपर्यंत जाऊ द्यायचं नाही. एवढंच. रेघ सरकतेय — दाराच्या बाजूने —

२६ जून
सकाळ. ताई गोळ्या आणायला गेलीय. दाराबाहेर चिमणी. हट्ट नाही, रडणं नाही.

"मावशी, माझ्या गळ्यावर अर्धंच गोल आलंय. उरलेलं तुझ्याकडे आहे ना? दार उघड."

नाही म्हणाले. नाहीच — पण डावा हात — मी उचललेला नाही — कडीवर गेलाय — अक्का, हात खाली घ्या, अक्का —