कुसळीचा माळ कुणाला

मी, श्रीमती तुळजाबाई भगवानराव घुमरे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे डोंगरवाडी, तालुका पाटोदा, जिल्हा बीड, स्वखुशीने लिहून ठेवते की, माझी बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बोलताना मला मधूनच हसू फुटते, हे त्यांनी दाखल्यात घेतलेले नाही. तो आजार नसून यंदा माझा माळ भरून आला आहे, त्याचा आनंद आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर व विहिरीजवळची काळी जमीन मुलगा सोमेश्वर आणि सून दिपाली यांना निम्मी-निम्मी. भांडायचे झाल्यास ओसरीवर भांडावे, चुलीपाशी नाही.

कलम २. माझ्या पाटल्या दिपालीला. कारण असे की, काही वर्षांमागे आम्ही दोघी कपिलधारच्या यात्रेहून डोंगरातल्या पायवाटेने आलो आणि लुगड्याच्या काठांत कुसळेच कुसळे भरली. कुसळ म्हणजे कुसळी गवताच्या बियाची सुईसारखी शेपटी. मी ती उपटून चुलीत घालत होते, तर दिपालीने हात धरला. म्हणाली, "आत्या, जाळू नका. आपल्या माळावर कायबी उगवत न्हाई, हे तर टाकून बघू." त्या लुगड्यातून आज चार एकर गवत झाले आहे. सासूचा हात धरणारी सून सगळ्यांना मिळो.

कलम ३. माझे दीर अजिनाथ यांना बियांचे एक पोते, कुसळांसकट. मागे मी त्यांना बी दिले, तर त्यांनी सगळी कुसळे मोडली, ज्वारीसारखे पाखडून लख्ख केले आणि तिफणीने चांगले खोल पेरले. एक काडी उगवली नाही. मग पारावर बसून सांगत सुटले, "वहिनीनं बी भाजून दिलं." नाचता येईना अंगण वाकडे. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे, म्हणून इथेच सांगते. भाऊजी, कुसळ हाच त्या बियाचा नांगर. ओल लागली की ते पीळ सोडत फिरते आणि बी आपणच जमिनीत शिरते. बी कार्तिकात गोळा करा, वर्षभर कापडी पिशवीत टांगून ठेवा, ताजे नीट उगवत नाही. मृगाच्या आधी माळावर बाभळीची फांदी ओढून जमीन ओरखडा, मातीत कालवून वर नुसते फेका. पुरू नका. पहिल्या वर्षी जनावर सोडू नका. पुढे गवत निसवताना, म्हणजे कणसे बाहेर पडताना, कुसळ कडक व्हायच्या आत कापा, आणि एक पट्टा बियाला ठेवा. नांगर कधीच घालू नका, ठोंब वर्षानुवर्षे फुटत राहतात.

कलम ४. जाऊ केशरबाई हिला माझा धारेचा विळा. ती बांधावरून माझे गवत चोरते ते बोथट विळ्याने, आणि ठोंब मुळासकट उपटून येतात. चोरी करावी, पण नीट करावी.

कलम ५. आता माळ. सोमेश्वरला तिथे मंगल कार्यालय बांधायचे आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याने जागा दाखवायला तालुक्यातले पुढारी आणले. मी बजावले होते, "कार्तिकात माळावर कुणाला बसवू नको." तर म्हणाला, "आई, तुझं एक कायतरीच." सतरंज्या टाकल्या, हारतुरे झाले, आणि पहिलेच भाषण चालू असताना पांढऱ्या लेंग्यांतली मंडळी एकेक करून उठू लागली. ती माझे बी अंगावर घेऊन गावोगाव गेली. मी इतकी हसले की पोट धरावे लागले. सोमेश्वर संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

म्हणून मी माळ दिपालीच्या नावे लिहिला होता. वकिलांनी कागद तयारही केला, सही तेवढी राहिली होती. मग यंदा आश्विनात जेसीबी आला.

मी तेव्हा माळात विळा घेऊन बसले होते. गवत माझ्या डोक्यावर होते, म्हणून कुणाला दिसले नाही. सोमेश्वर मोटारसायकलवरून उतरला. ड्रायव्हरने विचारले, "मालक, कुठून सुरू करू?" हा गवतात शिरला आणि त्याने कणसांवरून हात फिरवला.

"आत्ता न्हाई," तो म्हणाला. "आत्ताच निसवलंय. बी पडू दे."

"मग कवा येऊ?"

"फोन करतो."

त्याने आजवर फोन केलेला नाही. मी रात्री दिपालीला सांगितले. ती म्हणाली, "मग माळ त्यांच्या नावानं लिवा, आत्या. मी हायेच."

तरी सदर माळ, गवतासह, एकट्या सोमेश्वरला देत आहे. अटी बऱ्याच घातल्या होत्या, त्या सगळ्या खोडल्या. मी हे ऐकले, ते जिवंतपणी त्याला सांगणार नाही, नाहीतर लाजून हट्टाने जेसीबी बोलावील. सोमा, मी तिथेच होते. मला लई बरे वाटले.

साक्षीदार: १) बजरंग, शेजारी, सही. २) जानकीबाई, मैत्रीण, डाव्या अंगठ्याची निशाणी.

लिहून देणार: तुळजाबाई भगवानराव घुमरे, सही.
ठिकाण: पाटोदा. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.