अर्ध्या विटेची भिंत

सोमवार, ३ फेब्रुवारी

निघाली! चिठ्ठी तिचीच निघाली. आठ घरांत माझ्या हाताला माझी जाऊच लागायची होती!

आमच्या पर्यटन मंडळाचा नियमच तसा. गावात हॉटेल नाही, आणायचंही नाही. आठ घरं, प्रत्येकात एक खोली. पाहुणा मंडळाचा, ज्याची पाळी त्याच्या घरी उतरणार. नावाडी त्याला तळ्यात फिरवणार, दूधवालीकडून दूध, उशा-दुलया माझ्या हातच्या. पण त्याआधी प्रत्येक खोलीत मंडळातल्याच कुणीतरी पाहुणा होऊन एक मुक्काम करायचा आणि कागदावर खरं ते लिहायचं. मग त्या घरच्या बाईनं आपल्याकडे येऊन तेच करायचं.

मी म्हटलं, मला दुसरी चिठ्ठी द्या. अध्यक्ष म्हणाले, "चिठ्ठी बदलत नाही." जमीन मोजण्याच्या खात्यात जन्म गेला त्यांचा. सगळे त्यांना मोजपट्टी म्हणतात, अर्थात पाठीमागे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जा की. शेजारीच तर आहे." अकरा वर्षांत स्वतः त्या शेजारी पाऊल टाकलं नाही, आणि म्हणे शेजारीच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळपासून तळ्यावर धुकं. अभ्रे शिवत बसले होते. माझं हे असंच — हात मशीनवर आणि मन भलतीकडेच. कोण येईल, कुठून येईल, माझ्या उशीवर डोकं ठेवून कसली स्वप्नं बघेल... एक अभ्रा तिन्ही बाजूंनी शिवायचा तो चारही बाजूंनी शिवून टाकला. उसवला.

दूधवाली येऊन सांगून गेली. जाऊ म्हणते, खोली पास झाली तर राहीन, नाही तर महिनाअखेर घराला कुलूप लावून लेकीकडे जाईन. मोठे दीर दूरच्या नोकरीवर. आधी वर्षातून एकदा यायचे, आता तेही नाही.

म्हणजे तिचं राहणं-जाणं माझ्या कागदावर. जाऊ दे, गेली तर सुटले मी.

हे लिहिलं खरं. पण दिवसभर बरं वाटलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज सगळं आठवत बसले. घर तेव्हा एकच होतं. सासूबाई आजारी पडल्या आणि मी तीन आठवडे माहेरी होते. जाऊ चारचौघांत म्हणाली, "काम पडलं की ही पळते." मी का गेले होते ते कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं होतं. ह्यांनाही पुढे सांगितलं.

वाटणी झाली तेव्हा गवंडी म्हणाला, पूर्ण विटेची भिंत घालतो, आठ दिवस लागतील. मी म्हटलं, अर्ध्या विटेची, पातळ घाल, पण परवापर्यंत तिचं तोंड दिसायचं बंद झालं पाहिजे. दोन दिवसांत घातली त्यानं.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी पिशवी घेऊन गेले. आमच्या दारातून तिच्या दारात, बावीस पावलं.

पाहुण्यासारखं वागवायचं हा नियम, तर तिनं तो शब्दशः पाळला. दारात उभी राहून म्हणाली, "या. प्रवास कसा झाला?"

मी म्हटलं, "बरा झाला. रस्त्यात गर्दी नव्हती."

हसलं कुणीच नाही. पण ती पाणी आणायला घाईघाईनं आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

खोली छान आहे, काय खोटं लिहू? पांढऱ्या भिंती, तळ्याकडे खिडकी, तांब्यावर बशी झाकलेली. जरा पडते म्हटलं. छतावर पाण्यातला उजेड हलत होता. त्याच्याकडे बघता बघता खाट हळूच किनाऱ्यापासून सुटली आणि मला घेऊन निघाली असं वाटत राहिलं. किती वर्षांनी अशी झोपले! जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी कुठल्या घरात आहे तेच कळेना. नवी नवरी होते तेव्हा जागी व्हायचे तसं वाटलं, सगळं घर अजून एकच असताना.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहाटे ह्यांच्या खोकल्यानं जाग आली. इतका जवळ, की मी पाठ चोळायला हात पुढे केला. हाताला भिंत लागली.

मग सगळंच यायला लागलं. त्यांच्या चपला. झाकण पडलं ते. मांजरीला म्हणाले, "आज मालकीणबाई परगावी आहेत, आज आपलं राज्य." शब्दन् शब्द!

मी उठून बसले. म्हणजे अकरा वर्षं हिनं हे सगळं ऐकलं. आमची भांडणं. तिच्या नावानं मी मोडलेली बोटं, ती तर रोजचीच. त्या मुलासाठीचं माझं रडणं. आणि गावात कधी एका शब्दाची वाच्यता नाही. चार वर्षांपूर्वी ह्यांचा श्वास अडकला, मी नुसती ओरडत होते आणि डॉक्टर न बोलावता दारात हजर. मी तेव्हा देवाची कृपा म्हटलं होतं.

ती चहा घेऊन आली. मी म्हटलं, "ताई, इथे सगळं ऐकू येतं."

"सवय होते."

"डॉक्टरांना तुम्ही आणलंत?"

"चहा निवतोय." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "तुझ्या माहेरी जाण्याचं कारण मला वर्षभरानं कळलं. तू भाऊजींना सांगत होतीस. तेव्हाच येणार होते गं. पण तोवर तू मला इतकं काही बोलली होतीस... धीर नाही झाला."

मी चहा प्यायले. गारच झाला होता. मला माझी फार लाज वाटली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कागद द्यायचा आज शेवटचा दिवस. पाचवा प्रश्न — शेजारून आवाज येतो का? येत असेल तर खोली नापास. दोनदा 'नाही' लिहिलं, दोनदा खोडलं. खोटं लिहून राहिलेली जाऊ मला नको होती.

शेवटी लिहिलं: "येतो. पण दोष या खोलीचा नाही, पलीकडच्या घराचा आहे. भिंत मी घाईनं अर्ध्या विटेची घालून घेतली. माझ्या बाजूनं दुसरा थर मी घालून देईन."

मोजपट्टींनी चष्मा काढला. "हे नियमात बसत नाही."

नावाडी म्हणाला, "मग बसवा."

बराच खल झाला. ठरलं असं की भिंत दोघींची आहे, तर जावेचाही कागद येऊ दे. दोन्ही खोल्यांचा निकाल एकदम.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आली. मी दारात विचारलं, "प्रवास?" म्हणाली, "लांबचा झाला."

संध्याकाळी हे तिला तळ्यातल्या माशांच्या थापा सांगत होते. तिला सगळ्या माहीत होत्या, पण ऐकल्या. मग पहिल्यांदाच आत आल्यासारखी घरभर फिरली. ऊन खिडकीत येईपर्यंत झोपली होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मोजपट्टींनी तिचा कागद मोठ्यानं वाचला. शेजारून आवाज येतो का? पुढे तिनं लिहिलं होतं — "नाही. शेजारी मी एकटीच राहते."

आणि मी इतकी वर्षं तिच्या घरातल्या शांततेला तिचा तोरा म्हणत आले.

दोन्ही खोल्या पास. गवंड्याला निरोप धाडला: खोलीमागच्या भिंतीला दुसरा थर घाल. स्वयंपाकघराच्या भिंतीला मात्र विटा नकोत. तिथे दाराची चौकट घेऊन ये.