फाटकाजवळची सावनी

१० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघी ठीक. आईची कंबर आहे तशीच आहे, पण जिभेला काही झालेलं नाही, तेव्हा काळजी नसावी. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि घरी आले की ती माझं आटवते.

मुख्य बातमी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून आम्ही एकदाच्या तळमजल्यावर आलो. खोल्या लहान आहेत. स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिलो की एकीनं श्वास सोडल्याशिवाय दुसरीला घेता येत नाही. पण दारात थोडी मोकळी माती आहे आणि आईची खिडकी तिकडेच उघडते.

आता कामाचं. आपलं जुनं घर विकल्यापासून आईनं तिथली एक वस्तू मागितलेली नाही. शिलाई मशीन नको म्हणाली, बाबांची आरामखुर्ची नको म्हणाली, भांडी वहिनीला ठेव म्हणाली. काल मात्र खिडकीत बसल्या बसल्या म्हणाली, दादाला लिही, फाटकाजवळची माझी सावनी इथं आणून लाव म्हणावं. तू कॉलेजात गेलास त्या वर्षी तिनं ती नर्सरीतल्या काळ्या पिशवीतून आणली होती. उन्हाळाभर झाड गुलाबी व्हायचं आणि आई खाली खुर्ची टाकून बसायची ती हलायची नाही, हे मी तुला काय सांगू! नवे मालक त्या जागी गाडी उभी करणार आहेत म्हणे. म्हणजे झाड जाणारच.

तू बोन्साय मंडळाचा अध्यक्ष. वहिनी म्हणते, माझ्यापेक्षा कुंड्यांशी जास्त बोलतात. मग घरच्या झाडासाठी तुझ्याहून जाणता माणूस मी कुठून आणू? किल्ल्या द्यायच्या आधी एवढं कर.

वहिनीला नमस्कार, कुंड्यांनाही. माया आहेच, ती उत्तरातून दिसू दे.

तुझी,
भिंगरी


२८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आईला सांग, सावनी वाचली! काम फत्ते झालं आणि असं झालं की मंडळातले लोक बघत राहिले.

वेळ अगदी योग्य साधली. पानं सगळी गळलेली, झाड गाढ झोपेत. मी, आमचे खजिनदार आणि एक प्लंबर, असे तिघं कुदळी घेऊन रविवारी गेलो. माती उकरली तर काय सांगू, बुंधा खाली मांडीएवढा जाड आणि मुळं चहूकडे पसरलेली, हाताची बोटं पसरावीत तशी. असा बुंधा कुंडीत वाढवायचा तर माणसाचा जन्म जातो. विकतच्या रोपांना ती गंमत नाही. तो जमिनीतल्या जुन्या झाडाकडूनच घ्यावा लागतो.

करवतीनं वीतभर ठेवून वरचं सगळं उतरवलं. खालची जाड मुळं सपाट कापली, पाईपनं धुतली, कापावर मलम लावलं आणि विटांचा चुरा नि जाड वाळू भरून लाकडी खोक्यात बसवलं. ती गोरी, गुळगुळीत साल जशीच्या तशी आहे. फांद्यांची मोळी नव्या मालकांच्या मजुरांनी चुलीला नेली, तेवढीच त्यांची सोय.

आता हे झाड मांडीवर घेऊन कुठंही नेता येईल. इतकी वर्षं त्या फाटकाशी धूळ खात उभं होतं, कुणी वळूनही बघत नव्हतं. आईला म्हणावं, तुझ्या लेकानं झाडाचं सोनं केलं. तिच्या तोंडून शाबासकी ऐकायला या वयातही कान आसुसलेले असतात बघ.

प्रकृतीला जप, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा,
दादा


४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं. अर्ध्यावर आल्यावर कळलं की थांबायला हवं होतं, पण तोवर करवत चालून गेली होती. आईनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं हातानं वीत करून पाहिली आणि विचारलं की याच्याखाली खुर्ची कुठं टाकायची.

दादा, आम्ही खड्डा खणून ठेवला होता. तिनं स्वतः काठी आत घालून खोली मोजली, उथळ आहे म्हणून माळ्याला पुन्हा खणायला लावलं. सावली दुपारी कुठं पडेल, खिडकी झाकेल का, यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं होतं. तुला झाड आणून लाव म्हटलं होतं. त्याचा खुंट कर असं कुणी म्हटलं होतं का? फांद्या चुलीत गेल्या हे तर तू कौतुकानं लिहिलंस. शाबासकी हवी होती ना, तर ऐक, आई त्या दिवशी जेवली नाही.

आता एकच मागणं आहे. जे उरलंय ते घेऊन ये आणि या खड्ड्यात लाव. सावनी कापली तरी फुटते हे तूच मला शिकवलंयस. जमिनीत राहिली तर चार-पाच वर्षांत डोक्यावर जाईल. आईला तेवढी वर्षं मिळतील की नाही, मला माहीत नाही. पण वाढताना तरी दिसेल.

राग आहे, तो लपवत नाही. वहिनीला नमस्कार.

भिंगरी


२२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन बरेच दिवस फिरलो. तू लॅबमध्ये सुई टोचतेस ती निदान सांगून तरी टोचतेस.

एक समजून घे. अख्खं झाड हलवायचं तर क्रेन लागली असती. पुरुषभर उंचीवर छाटून, मातीच्या गोळ्यासकट टेम्पोत घालून पाठवता आलं असतं, नाही असं नाही. पण मग त्यात विशेष काय राहिलं? तशी सावनी प्रत्येक चौकात उभी आहे. इतका देखणा बुंधा हाताशी आल्यावर तो पुन्हा मातीत पुरायला माझं मन होईना. हा माझा गुन्हा असेल तर असो.

आणि आता तर ते हलवणं शक्यच नाही. बुंध्यावर जागोजागी लालसर कोंब फुटलेत, नवी मुळं धरताहेत. या वेळी हात लावला तर मरेल. यंदा शेंडे खुडत राहीन, म्हणजे फूल येणार नाही, पण अंगात जोर येईल. पुढच्या हिवाळ्यात पानं गळली की आणतो. शब्द देतो.

राहवत नाही म्हणून लिहितो. आईला आठवड्याभरात सामानासकट उचलून तिसऱ्या मजल्यावर कुणी नेलं? घराच्या कागदावर माझ्या सहीखाली तुझी सही होती. झाडाची मुळं मी कापली असतील, बाकीचं आपण दोघांनी मिळून केलंय. हा भाग आईला वाचू नकोस.

थोरला आहे एवढं लक्षात ठेव आणि लोभ आटू देऊ नकोस.

दादा


१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हिवाळा आला. इथल्या रस्त्यावरच्या सावन्यांची पानं गळली, म्हणजे तुझ्याकडचीही गळली असणार. तू शब्द दिला होतास.

खड्ड्यात पालापाचोळा साचलाय आणि वरच्या मजल्यावरची मांजर तिथं झोपते. शेजारी म्हणतात बुजवा, कुणी पडेल. आई बुजवू देत नाही. ती आता काठीवरून वॉकरवर आलीय, नजरही मंद झालीय, पण माळी दिसला की त्याला सांगते, माझा मुलगा या महिन्यात येतोय. रोज नवं कारण सांगायला मला जमत नाही.

सहीचं म्हणालास ते खरं आहे. म्हणून तर म्हणते, एवढी एक गोष्ट तरी आपण नीट करू. ये.

वाट पाहतेय,
भिंगरी


१५ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. गेलं ते बरं झालं, कारण आता आनंदाची बातमी देता येते. सावनी फुलली! वसंतानंतर शेंडे खुडणं थांबवलं, आणि प्रत्येक कोवळ्या शेंड्याला गुच्छ आला. त्याच चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या, तोच गुलाबी. सोबत फोटो पाठवतोय.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी बुंध्याभोवती फिरून फिरून पाहिलं. झाडाला नाव द्यावं लागतं, तेव्हा मी कार्डावर ‘आई’ असं लिहिलं. लोक ते वाचून डोळे पुसत होते. माझेही डोळे भरून आले.

हिवाळ्यात आणणार होतो, अगदी खोकं गाडीपाशी नेलं होतं. पण जमिनीत गेलं की मुळं वाटेल तशी पळतात, तारेनं वळवलेल्या फांद्या बेढब होतात. सगळी मेहनत मातीमोल झाली असती. तू यातली नाहीस, आई मात्र फूल पाहून समजून घेईल. महिनाअखेरच्या रविवारी बक्षीस द्यायचा समारंभ आहे. मी गाडी पाठवतो, तिला घेऊन ये. पहिल्या रांगेत बसवू, बक्षीस तिच्याच हाती देऊ.

आता तरी राग सोड आणि पूर्वीसारखी माया कर.

तुझा,
दादा


१९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी पाठवू नकोस.

कार्डाचा भाग मी गाळणार होते, पण आवाज अडखळला आणि तिनं ओळखलं. मग सगळं वाचावं लागलं. फोटो तिनं खिडकीपाशी नेऊन भिंगातून बराच वेळ पाहिला. रंग तोच आहे म्हणाली. एवढ्याशा खुंटाला एवढी फुलं जड होत नाहीत का, असं विचारलं. तारा कशाला बांधल्यात म्हणाली. मी सांगितलं, हवी तशी वळावी म्हणून. नंतर पदर तोंडाला लावून रडली. बाबा गेले तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती. मला तुझा इतका राग पूर्वी कधीच आला नव्हता, आणि तेवढाच माझाही आला.

काल तिनं माळ्याला बोलावून खड्डा बुजवून घेतला. माती नीट दाबली जाईपर्यंत वॉकर धरून दारात उभी होती.

समारंभाला जायचं का म्हणून मी विचारलं. त्याचं उत्तर तिनं जसंच्या तसं लिहायला सांगितलंय आणि पाकीट बंद करण्याआधी मी ते वाचून दाखवणार आहे. ती म्हणाली, दादाला कळव, बक्षीस घ्यायला त्याची आई टेबलावर आहेच, मग मला कशाला बोलावतो?

वहिनीला नमस्कार.

भिंगरी