तुझी बाजू काय?

दादा,

"प्रिय" लिहून खोडलंय. राग उतरला की परत लिहीन.

आमच्या कॉलेजच्या अंकाच्या संपादिकेला तू परस्पर फोन केलास! "तिच्या मेंदूचं ऑपरेशन झालंय, बोलताना अडखळते. वसतिगृहातल्या घाण पाण्याची बातमी तिला कशाला देता? घरी बसून कविताबिविता निवडू दे." मी काय काचेचं भांडं आहे का रे?

अंकाच्या कामात आमचा एक नियम आहे. कुणाबद्दल काहीही कानावर आलं, तरी त्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. म्हणून संपादिकेनं मला समोर बसवलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "तुझा भाऊ म्हणतो, तुला झेपणार नाही. तुझी बाजू काय?"

दादा, हॉस्पिटलमध्ये तू, आई आणि डॉक्टर माझ्या उशाशी उभे राहून माझ्याबद्दल बोलत होतात, जसं काही मी त्या खोलीत नव्हतेच. मी शुद्धीवर होते. एकानंही मला हा प्रश्न विचारला नाही.

मला शब्द सापडायला वेळ लागला. ती थांबली. माझं वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी म्हणाले, "झेपेल." दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीचं झाकण मी स्वतः उघडलं. आता सकाळी मी गोळ्यांसाठी नाही, बातमीसाठी उठते.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तू ते आईला वाचून दाखवशील आणि मला न विचारता दोघं मिळून ठरवाल, की हिचं औषध वाढवायला हवं.

तुझीच, पूर्ण शुद्धीवर असलेली,
बहीण