थांबणारा ट्रक

इंदोरा, नागपूर
६ नोव्हेंबर १९७७

ति. देवाजीदादास,
सिंधूचा जयभीम. वि. वि.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर तू आणि वहिनी भेटलात, पण त्या गर्दीत धड बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, गेल्या वर्षी लोखंडाचा किस उडून यांचा डावा डोळा गेला. हात पूर्वीसारखेच चालतात, इंजिन उघडलं की एका डोळ्यानंही सगळं दिसतं म्हणतात. पण डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे. आमच्या गॅरेजची निम्मी गिऱ्हाइकं बाहेरची. कोणाची मोटार शिवनीला बंद पडते, कोणाची देवलापारला, आणि ती इथवर आणून द्यायची जबाबदारी आमच्यावर येते. मागच्या महिन्यात एका वकिलांची गाडी रेतीच्या ट्रकमागे दोरीनं बांधून आणवली. आली ती तोंड फुटूनच. दोष ट्रकवाल्याचा, नाव लहानूजींच्या गॅरेजचं. तेव्हापासून तीन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

म्हणून आम्ही ठरवलंय, आपलाच एक जुना ट्रक घ्यायचा. मोटार मागे जोडून लांबून आणता येईल असा. कामठी रोडवर भैयाजी म्हणून जुन्या गाड्यांचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे दोन आहेत. एक मिलिटरी डिसपोजलचा, म्हणजे फौजेनं विकून टाकलेला, पेट्रोलवर चालणारा, मागे क्रेन असलेला. यांचा जीव त्या क्रेनवर बसलाय. दुसरा डिझेलचा, दिसायला अगदीच भिकार. तू फौजेत बिघडलेल्या गाड्या ओढण्याचंच काम केलंस. तू येऊन बघितलास तर माझ्या डोक्याचं ओझं उतरेल. वहिनींना जयभीम, आणि मिरचीच्या तिखट धुळीत बसून खोकू नका म्हणावं.

लोभ आहे तेवढा ठेव, त्यात काटछाट नको.

तुझी,
सिंधू

---

मु. पो. भिवापूर
११ नोव्हेंबर १९७७

चि. सौ. सिंधूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मला येता येणार नाही. मिरची तोडायला आली आहे. पण लिहितो ते नीट वाच, आणि पत्र सोबत घेऊन जा.

व्यापारी म्हणेल, इंजिनचा आवाज ऐका. तू ऐकू नकोस. आधी इंजिनला हात लाव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी त्यानं हँडल मारून मारून सुरू करून ठेवलंय. थंड होऊ दे, मग सुरू करायला सांग. नंतर खाली वाकून चेसिसचा सांगाडा बघ. जुन्या गाडीला एकाच जागी ताजा रंग दिसला तर तिथं वेल्डिंग आहे. मागचे टायर एका बाजूनं जास्त झिजलेले असतील तर चेसिस वाकडी. आधी काय वाहिलं ते विचार. मँगेनीजच्या खाणीवर राबलेला ट्रक फुकट मिळाला तरी नको.

सगळ्यात मोठी गोष्ट ब्रेकची. ओढायला कोणताही ट्रक ओढतो. मागे गाडी असताना सरळ रेषेत थांबतो तो आपला. उतारावर नेऊन थांबवून बघ. आणि दोरी कधीही वापरायची नाही. लोखंडी दांडी करून घ्या, ट्रककडे एक टोक, मोटारीकडे दोन, दोन्ही चाकांजवळ पक्की. मग मागची गाडी पुढच्यावर येऊच शकत नाही. हे लहानूजींना दोनदा वाचून दाखव.

क्रेन शोभेला चांगली. लांबच्या रस्त्याला तिचा उपयोग नाही.

कौशल्या म्हणते, खोकला तुझ्याच भावाला येतो, तिला नाही. सर्वांना आशीर्वाद, पत्र टाकत जा.

देवाजी

---

इंदोरा, नागपूर
२० नोव्हेंबर १९७७

ति. दादास,
सिंधूचा जयभीम. वि. वि.

ट्रक घेतला. कसा ते ऐक.

तुझं पत्र पदराला बांधून मी आणि हे भैयाजींकडे गेलो. त्यांनी डिसपोजलवाल्याच्या बॉनेटवर थाप मारून सांगितलं, असा आवाज आता मिळत नाही. मी हात लावला, तर तवा. भैयाजी म्हणाले, "बाई, इंजनले हात काहून लावून राहिल्या?" मी म्हटलं, थंड होईस्तोवर बसते. डबा सोबत होताच. लिंबाखाली बसून आम्ही दोघं जेवलो. दोन तासांनी त्यांच्या माणसानं सुरू करायला घेतला तर दम लागला त्यालाच, गाडीला काही नाही. यांनी क्रेनकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

मग डिझेलचा. हा बल्लारशाकडे बांबू वाहत होता. रंग उडालेला, डावं दार तारेनं बांधलेलं, पण थंड असताना तिसऱ्या झटक्याला उठला. हे खाली निजून चेसिस हातानं चाचपत गेले, कुठं जोड नाही. टायर सारखे झिजलेले. सेमिनरी हिल्सच्या उतारावर नेऊन मी रस्त्यावर खडूनं लांब सरळ रेघ मारली आणि त्यांच्या माणसाला ब्रेक मारायला लावला. चार वेळा. चाक रेघ सोडून वीतभरही गेलं नाही. भैयाजींचं हसू तोवर थांबलं होतं. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी मी गाडी विकत घेईन तेव्हा तुम्हालाच बघायला नेतो.

दांडी तू लिहिलीस तशीच केली आहे. आणि पहिलं कामही आलं. महाल भागातले टॅक्सीवाले वामनराव, त्यांची अँबेसिडर लखनादौनला बंद पडली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उजवा हात भाजून घेतला. टॅक्सी बंद तर घर बंद, अशी त्यांची स्थिती. अंतर शंभर मैलांच्या वर आहे, आणि मधे कुरईचा घाट. मागच्या मोटारीचं स्टिअरिंग धरायला माणूस लागतो. ती मी. माझं लायसन्स आहे, हात साफ आहे. ट्रकला तेवढा ड्रायव्हर शोधतो आहोत.

मिरचीला भाव चांगला येवो. माया असू दे.

सिंधू

---

मु. पो. भिवापूर
२४ नोव्हेंबर १९७७

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

मागच्या गाडीत तू बसायचं नाहीस.

कारण सांगतो. बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही, कौशल्याला अर्धंच माहीत आहे. फौजेत माझ्यासोबत नत्थू होता, पवनीकडचा. पहाडात एक बंद जीप आणायची होती. मी लॉरी चालवत होतो, नत्थू मागे जीपच्या स्टिअरिंगवर. दांडी चार मैल मागे तळावर राहिली होती. मीच म्हटलं, परत कोण जातो, दोरीनं होऊन जाईल. उतारावर जीपचे ब्रेक गेले. दोरीला ओढता येतं, अडवता येत नाही. जीप माझ्या लॉरीखाली शिरली. नत्थूचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. चौकशीत माझी चूक निघाली नाही. पण गाठ मी मारली होती. त्यानंतर मी फौज सोडली आणि स्टिअरिंगही.

दुसरा कोणीही माणूस बसव. तू नाही.

देवाजी

---

इंदोरा, नागपूर
२८ नोव्हेंबर १९७७

ति. दादास,
सिंधूचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि यांनाही वाचून दाखवलं. हे उठून पुन्हा एकदा दांडी चाचपून आले.

दादा, दुसरा कोणी माणूस म्हणजे कोण? तोही कोणाचा तरी भाऊ असेलच. तुझ्या एका ओळीवरून आम्ही दांडी केली, तुझ्या एका पत्रावरून ट्रक घेतला. ज्याच्या शब्दावर सगळं उभं केलं, त्याच्यावर भरवसा ठेवून मागे बसायला मला भीती वाटत नाही. मी बसणार आहे. पुढे कोण बसेल तेवढं तू ठरव. तीन ड्रायव्हर येऊन गेले, एकाच्या तोंडाला सकाळी दहालाच दारूचा वास होता.

आणि एक. वहिनींनी मला दीक्षाभूमीवर सांगितलं की तू मोठ्या गाडीचं लायसन्स दर वेळी नवं करून आणतोस आणि पेटीत ठेवतोस. ज्याला कधीच चालवायचं नाही तो असं करत नाही. आम्ही ४ डिसेंबरला पहाटे निघतो आहोत. आलास तर तुझा भात टाकते.

लोभाची खात्री आहे, म्हणून एवढं लिहिलं.

सिंधू

---

इंदोरा, नागपूर
७ डिसेंबर १९७७

सौ. कौशल्यावहिनींस,
सिंधूचा जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी. काय झालं ते दादा तुम्हाला सांगेल की नाही, शंका आहे. म्हणून मी लिहिते.

तो तीन तारखेला दुपारच्या बसनं आला. भाकरीही न खाता थेट ट्रकखाली शिरला. बाहेर आला तेव्हा यांना एवढंच म्हणाला की ट्रक बरा निवडला, आणि मोटार आणताना ट्रकमध्ये मागे रेतीची पोती टाका, चाकं रस्ता धरून राहतील. मग अट घातली. सपाटीवर तो चालवेल, कुरईचा घाट उतरताना मात्र ढाब्यावरून दुसरा ड्रायव्हर घ्यायचा. आम्ही कबूल केलं.

लखनादौनला वामनराव आदल्या दिवशीच बसनं येऊन, हाताला पट्टी बांधून गाडीपाशी बसले होते. त्यांच्या स्टिअरिंगवर बाई बसणार हे कळल्यावर त्यांनी यांना बाजूला घेऊन विचारलं की घरात पुरुष माणूस नाही का. हे म्हणाले, आहे, त्याला एका डोळ्यानं दिसतं, तिला दोन्हींनी. मग ते मुकाट माझ्याशेजारी बसले. दादानं दांडीचा एकेक बोल्ट स्वतः आवळला, माझ्याकडून ब्रेक दाबून घेतला, आणि निघालो. शिवनीपर्यंत मला मागे कळलंही नाही की कोणी ओढतंय.

घाटाच्या तोंडाशी ढाब्यावर थांबलो. दादा चाबी घेऊन उतरला.  यांनी एक ड्रायव्हर गाठला, घाट रोजचा पायाखालचा असलेला. दादानं त्याच्या हाती चाबी दिली आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा राहिला. तो माणूस चढून बसला आणि आम्हाला धीर देत म्हणाला, काळजी नको, उतारावर मी गियर काढून गाडी मोकळी सोडतो, डिझेलही वाचतं.

दादा वळला. ट्रकपाशी आला आणि हळूच म्हणाला, "उतर गा खाली. मागं माही बहीण आहे."

माणूस उतरला. दादा चढला. हे त्याच्या बाजूला बसले. यांनी नंतर मला सांगितलं, पहिल्या वळणाला दादाचा घाम डोळ्यांत जात होता, तो यांनी आपल्या रुमालानं पुसला, कारण त्याला हात काढायचा नव्हता. दुसरा गियर घालून तो इतका सावकाश उतरवत होता की मागून बसवाले भोंगे वाजवून थकले. अर्ध्या घाटात वळणावर गुरं. तीसेक असतील, रस्ताभर. मला मागून फक्त ट्रकचे लाल दिवे दिसले. माझा पाय ब्रेकवर गेला, वामनरावांनी चांगल्या हातानं माझा दंड धरला. ट्रक थांबला. आम्ही थांबलो. दांडी जागची हलली नाही, मोटार वाकडी झाली नाही, आणि गुरं आरामात निघून गेली.

दादा उतरून मागे आला. माझ्या खिडकीशी उभा राहून त्यानं विचारलं, लागलं तर नाही ना? मी नाही म्हटलं. तो तसाच उभा राहिला, दारावर हात ठेवून. त्याला रडू येत होतं आणि तो ते आवरत नव्हता. मी त्या हातावर माझा हात ठेवला. मग त्यानं तोंड पुसलं आणि वामनरावांना म्हणाला की माझ्या बहिणीचा दंड सोडा जी, पुढचा उतार सोपा आहे.

खवासाला चहा झाला. तिथून सपाट रस्ता, रामटेकचा डोंगर दिसेस्तोवर त्यानं यांना दोन जुन्या फौजी गोष्टीही सांगितल्या. वामनरावांची अँबेसिडर ओरखडाही न पडता गॅरेजात उभी आहे, पिस्टन आले की चालू होईल. तोंड फुटलेल्या गाडीचे वकील काल स्वतः येऊन दांडी बघून गेले.

आता तुमच्यासाठी खरी बातमी. दादा आज सकाळी भंडाऱ्याच्या रस्त्यानं साकोलीला गेलाय, तिथं एका कंत्राटदाराची जीप बंद पडली आहे. हे सोबत आहेत. परत येताना आडवाट करून पवनीला नत्थूकडे जाऊन येतो म्हणाला. त्याला भेटल्यावर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, पण जातो, असं म्हणाला. तेव्हा या आठवड्यात मिरची तोडायला बाया तुम्हीच लावा.

तुमची माया मोठी आहे, या नव्या ड्रायव्हरला आम्ही काही दिवस ठेवून घेतलं तर रागावू नका.

तुमची,
सिंधू