तुझ्या मेहुण्याची रिव्हॉल्व्हर-खरेदी

तीर्थरूप ऑरव्हिलदादास,

धाकट्या व्हर्नाचा नमस्कार. नवा खुबा बसवल्यापासून चालणं कसं आहे? लोरेटावहिनी लिहिते की काठी तू फक्त कुत्र्याला दाखवायला वापरतोस. खुशाल वापर, पण जिन्यावर तरी टेकत जा. इकडे क्षेमकुशल आहे. म्हणजे मी ठीक आहे, कोंबड्या ठीक आहेत, आणि तुझा मेहुणा हार्लन ईस्टरपासून रिव्हॉल्व्हर निवडतोय.

झालंय असं, की गुरुवारी संध्याकाळी आमच्या क्लबात हे सगळे म्हातारे जमून गोळ्या झाडून लोखंडी ताटल्या पाडतात ना, त्याला यंदा नव्या सेक्रेटरीने नियम लावला. (हा सेक्रेटरी म्हणजे उंटावरचा शहाणा. स्वतःला चष्म्याशिवाय ताटली सोडा, टेकडी दिसत नाही.) गुरुवारी फक्त पॉइंट टू-टूच्या बारक्या गोळीचं डबल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर चालेल. घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवायचा नाही. प्रत्येक गोळीला चापच शेवटपर्यंत ओढायचा, म्हणजे घोडा आपला आपण मागे जाऊन पडतो. हार्लनचं पिस्तूल ह्यात बसत नाही. जूनच्या पहिल्या गुरुवारपर्यंत रिव्हॉल्व्हर आणलं नाही, तर संघातली त्याची जागा लेस्टर प्रूइटला. लेस्टर! ज्याची गोळी ताटली सोडून अख्ख्या ओहायोला लागते! आणि हार्लन ह्या संघात आमच्या लग्नाआधीपासून आहे. गुरुवार सुटला तर हा माणूस घरी बसून माझ्या बटाट्यात मीठ किती पडतं यावर देखरेख करणार.

तेव्हा आम्ही दुकानं पालथी घालायला निघालो. पहिल्या दुकानातल्या ड्वेन नावाच्या दिवट्याने मला पाहताच गुलाबी मुठीचं एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर पुढे केलं आणि म्हणाला, "आजी, हे पर्समध्ये अलगद मावतं." मी म्हटलं, "बाळा, आम्हाला ताटल्या पाडायच्यात, पर्स नाही." (गुलाबी! जणू बाईमाणसाला रंग दाखवला की तिची अक्कल चरायला जाते.) नळी माझ्या करंगळीएवढी. त्याने ताटली पडायची तर ताटलीनेच मनावर घ्यायला हवं. हार्लनने नाक मुरडलं, आणि तेवढं एकदाच त्याचं बरोबर होतं.

पुढचे नकार काय सांगू तुला! एकाची मूठ म्हणे किटलीच्या दांड्यासारखी. एकाची नळी लांब, एकाची आखूड. एकात दहा गोळ्या मावतात म्हणून नको (दहा गोळ्या लागणं हे आळशी माणसाचं लक्षण म्हणे), तर दुसऱ्यात सहाच मावतात म्हणून नको. एकाच्या नळीच्या टोकाला नेम धरायच्या खुंटावर हिरवा ठिपका होता, तर म्हणतो, "मी सिग्नलवर गोळ्या झाडत नाही." अरे, मला मागणी घालायला ह्याला एक संध्याकाळ पुरली होती! (तीही गाडी बंद पडली आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.)

त्यात गिट्ट्यांचं प्रकरण. ह्या टू-टूचा चाप रिकामा ओढला की आतली पिन लोखंडावर आपटून खराब होते, म्हणून दुकानदार ओढू देत नाहीत. तर हा भिंतीत स्क्रू बसवायच्या पिवळ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या खिशात घेऊन हिंडतो. गोळ्यांच्या जागी त्या नेमक्या बसतात आणि पिन वाचते. एका दुकानात खिशातून मूठभर गिट्ट्या काढल्या, तर त्यांना वाटलं फळ्या लावायला बोलावलेला सुतार आला, आणि ह्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. हा शहाणा मुकाट गेला, आणि तुमची जुनी फळी तिरकी आहे असं त्यांनाच सुनावून परत आला.

गेल्या शनिवारी नदीपलीकडच्या दुकानात कहर झाला. मूठ चांगली, नळी चांगली, ठिपका नाही. गिट्ट्या घातल्या, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला, आणि हा ओढतोय, ओढतोय. तोंड बीटासारखं लाल. नळी अशी लटलट कापतेय की त्या मेलेल्या हरणालाही कीव यावी. मग खाली ठेवून म्हणतो, "तोल नाही ह्याला." मी उचललं, ओढलं. टक्क. पुन्हा ओढलं. टक्क. दुकानदार म्हणाला, "वा बाई!" झालं! रात्री जेवायला बसला, तर माझ्या मीटलोफलाही तोल नाही म्हणे.

असा हट्टी, आढ्यताखोर, नाकाने कांदे सोलणारा माणूस अख्ख्या काउंटीत मिळायचा नाही. (तू आहेस म्हणा, पण तू पडलास माझा भाऊ.) वहिनीला माझा नमस्कार सांग, आणि तिच्या लोणच्याच्या बरण्या माझ्याकडेच आहेत हेही सांग.

तुझी,
व्हर्ना

ता. क. – हार्लन कोंबड्यांकडे गेलाय, तेवढ्यात खरं लिहिते. ती गुलाबी सोडली तर रिव्हॉल्व्हरं सगळी चांगली होती. त्याच्या बोटाला चाप ओढवत नाही. सांधे गेलेत रे. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, आणि वर त्यालाच ओरडते, की तू रेंगाळतोस, मला उशीर होतो. मला कळलंय हे त्याला कळलं, तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. बाबांचं टू-टूचं रिव्हॉल्व्हर तुझ्याकडे आहे. आतला एकेक भाग त्यांनी घासून इतका गुळगुळीत केला होता, की मी शाळेत असताना एका बोटाने चाप सहज ओढायची. ते घेऊन ये, जून लागायच्या आत. तू आणि हार्लन एकमेकांशी बोलत नाही हे ठाऊक आहे मला. तरी ये. लेस्टर गेला खड्ड्यात, पण परवा हार्लन म्हणाला, "गुरुवारी घरीच बसावं म्हणतो, त्यात आता मजा राहिली नाही." मला पाठ फिरवून रडावं लागलं, दादा.

ता. क. दुसरा – आल्यावर गोड बोलू नकोस, त्याला लगेच संशय येईल. दारातूनच ओरड, की माझ्या कपाटातली ही अडगळ एकदाची घे, तुझ्यासारख्या आंधळ्यालाच ती शोभते. तो भांडेल. भांडू दे. भांडता भांडता एकदा तरी चाप ओढून बघेल.