बोनसचं वहिनींना विचारलंत

अहो,

रात्रपाळीवरून दमून आला असाल. भाकरी डब्यात हाय, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी भिशीचे पैसे घेऊन बँकेत चाललेय.

काल कामावर निघताना गॅलरीत उभं राहून तुम्ही गडमुडशिंगीच्या तुमच्या वहिनींना फोन लावलात. "वहिनी, बोनस घराच्या कर्जात भरू का ठेव करू?" मी आत भांडी घासत होते, बहिरी नव्हते. त्यांनी त्यांचं कर्ज मुदतीआधी फेडलं, मान्य. पण त्यांच्याकडं तांदूळ शेतातला आणि दूध गोठ्यातलं. इथं मी दोन दिवाळ्या जुन्या साडीवर काढल्या, तेव्हा कुठं भिशीचा हप्ता चुकला न्हाय. त्यावर तुमच्या तोंडून कधी चकार शब्द न्हाय. वहिनी घरी दही लावतात, त्याचं कौतुक मात्र येता-जाता.

तर भिशी आणि बोनस, दोन्ही आजच मुद्दलात भरायचं. महिन्याचा हप्ता हाय तेवढाच ठेवायचा आणि वर्षं कमी करून घ्यायची, म्हणजे व्याज जास्त वाचतं. हे मला कुणाच्या वहिनीनं शिकवलं न्हाय. बँकेत हेलपाटे घालून मीच विचारून घेतलंय.

कर्ज दोघांच्या नावावर, म्हणून अर्जावर सह्याही दोघांच्या लागतात. झोप नंतर काढा, जेवून चेकबुक घेऊन थेट या.

वहिनींची सही लागते का, तेही साहेबांना विचारलं की. न्हाय लागत म्हणाले.

स्वप्नाली